शिट्टी का वाजली नाही?

नियम आणि निर्णय यांच्याविषयी बोलायचं म्हटलं की आम्ही तत्त्वज्ञानवाले लगेच कोर्टाची उदाहरणं काढतो. आज मी खेळाच्या मैदानावरचं एक उदाहरण घेणार आहे, आणि तेही अगदी छोटं. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो चालू असताना कडेला उभे असलेले खेळाडू वेळेआधी आत शिरतात. ते शिरले की नाही, हे पंच कसं ठरवतो? विषय इतकाच. यावर तासभर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. बघू या.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी मैदानाचं चित्र सांगतो. बास्केटखाली एक रंगवलेला आयत असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, म्हणजे 'फिबा'च्या नियमांप्रमाणे, त्याची रुंदी ४.९ मीटर. त्याच्या वरच्या टोकाला फ्री थ्रोची रेषा, बोर्डापासून ४.६ मीटरवर. रिंग ३.०५ मीटर उंचीवर. ज्याच्यावर फाउल झाला तो या रेषेमागे उभा राहतो, पंच त्याच्या हाती चेंडू देतो आणि त्यानं पाच सेकंदांत तो टाकायचा. मध्ये कुणी यायचं नाही, कुणी अडवायचं नाही. आयताच्या दोन्ही कडांना जागा आखलेल्या असतात. तिथे जास्तीत जास्त पाच जण उभे राहतात, तीन प्रतिस्पर्धी आणि दोन फेकणाऱ्याचे साथीदार. रिंगच्या सगळ्यात जवळच्या दोन्ही जागा प्रतिस्पर्ध्यांच्या. उरलेल्यांनी तीन गुणांच्या रेषेबाहेर, फ्री थ्रोच्या रेषेच्याही मागे थांबायचं.

गंमत अशी की नेस्मिथसाहेबांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाचे लागोपाठ तीन फाउल झाले की समोरच्याला आपोआप एक गोल, असा रोखठोक हिशेब होता. फ्री थ्रो नंतर आला, आणि तो आल्यावर हा कडेला उभं राहण्याचा प्रश्न आला. कारण शेवटचा थ्रो चुकला तर चेंडू रिंगवरून उसळून खाली येतो आणि जो आधी आत पोचलेला असतो त्याला मिळतो. आत एक वीतभर जागा आधी मिळाली तरी पुरते. त्यामुळे प्रत्येकाला थोडं आधी निघायचं असतं. सगळ्यांनाच.

नियम काय म्हणतो? कडेच्या पाच जणांनी चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. पण फेकणाऱ्यानं स्वतः मात्र चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा बास्केटमध्ये जाईपर्यंत रेषेला पाय लावायचा नाही. आणि लांब उभे आहेत त्यांनी थ्रो पूर्ण होईपर्यंत थांबायचं. म्हणजे बघा, चेंडू हातातून रिंगपर्यंत जायला साधारण एक सेकंद लागतो, आणि त्या एका सेकंदात दोन घड्याळं चालू आहेत. कडेच्यांचं घड्याळ हाताशी बांधलेलं, फेकणाऱ्याचं रिंगशी.

सगळीकडे असंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या सामन्यांत कडेचे खेळाडूसुद्धा चेंडू रिंगला लागेपर्यंत थांबायचे. २०१४-१५च्या मोसमापासून तिथेही 'हातून सुटला की निघा' असं झालं. माझ्या मते जुना नियम पंचाला सोपा होता. रिंगला चेंडू लागतो तेव्हा दिसतं, आवाज येतो, रिंग हलते. हातून चेंडू सुटतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. बोटांच्या टोकांवरून तो कधी निघाला, हे फक्त बोटांनाच माहीत.

आता पहिला प्रश्न. पंचाला दोन गोष्टींचा क्रम लावायचा आहे. हातातून चेंडू सुटला ही एक, आणि पाऊल आत पडलं ही दुसरी. यातली आधीची कोणती? दोन्ही गोष्टी वेगळ्या जागी घडतात, मध्ये काही मीटरचं अंतर. एक माणसाच्या डोक्याच्या वर, दुसरी जमिनीवर.

ही अडचण नवीन नाही. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मॅस्कलिन नावाच्या राजज्योतिर्विदानं किनेब्रुक नावाच्या आपल्या साहाय्यकाला कामावरून काढलं. त्याचा दोष काय? दुर्बिणीतल्या तारेवरून आकाशातला तारा कधी सरकतो हे घड्याळाचे ठोके ऐकत नोंदवायचं होतं, आणि त्याच्या नोंदी मॅस्कलिनच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदानं मागे पडत होत्या. बिचारा आळशी किंवा निष्काळजी ठरला. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदानं निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की असा फरक सगळ्यांच्याच नोंदींत असतो, अगदी नामवंतांच्याही. एका ठिकाणी डोळा आणि दुसऱ्या ठिकाणी कान ठेवून 'आधी काय' हे सांगणं माणसाला नेमकं जमत नाही. नंतर टिचनर या मानसशास्त्रज्ञानं यातली एक खोच सांगितली. ज्या गोष्टीकडे आपलं लक्ष असतं ती आपल्याला आधी घडल्यासारखी वाटते.

हे पंचाला लावून बघा. तो पायांकडे बघत असेल तर पाऊल आधी पडलं असं वाटण्याकडे त्याचा कल होणार. हाताकडे बघत असेल तर उलट. म्हणजे पंच कितीही प्रामाणिक असला तरी तो कुठे बघतो यावर उत्तर थोडंसं सरकतं. म्हणून हे काम वाटून घेतलेलं असतं. दोन पंचांच्या सामन्यात एक जण रिंगखाली शेवटच्या रेषेबाहेर उभा असतो. तो आपल्या समोरच्या बाजूची रांग बघतो, जवळची नव्हे. दुसरा मागे असतो. तो सेकंद मोजतो, फेकणाऱ्याचे पाय आणि चेंडूचा प्रवास बघतो, आणि त्याच्याही समोरच्या बाजूची रांग बघतो. समोरची बाजू का? अगदी पायाशी असलेली रांग बघायची तर मान खाली घालावी लागते आणि मग हात दिसत नाही. समोरची रांग बघताना पाऊल, रेषा आणि थोडंसं वर फेकणाऱ्याचे हात, हे सगळं एका नजरेत बसतं.

इथे मला आपल्या मीमांसकांची आठवण होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेनं अनुपलब्धी हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही यावरून. नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नव्हतं, तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण एका अटीवर दोन्ही बाजू ठाम होत्या. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, जागा डोळ्यांसमोर हवी. काळोखात 'मला घडा दिसला नाही' याला काही किंमत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

पंच म्हणतो, "मला काही दिसलं नाही." या वाक्याची किंमत किती, हे तो कुठे उभा होता आणि कुठे बघत होता यावर ठरतं. योग्य जागी उभा राहून, योग्य रांगेकडे बघत असताना दिसलं नाही, तर ते 'घडलं नाही' याचा पुरावा आहे. उसळी घेणाऱ्या चेंडूकडे बघत बसल्यामुळे दिसलं नाही, तर तो कशाचाच पुरावा नाही. पंचांच्या प्रशिक्षणात 'उभं कुठे राहायचं' यावर इतका वेळ का घालवतात, याचं उत्तर मला यात दिसतं. नवशिक्या पंचाची नजर चेंडूमागे जाते. प्रेक्षकाची जाते तशीच.

आणखी एक बारीक मुद्दा आहे. पाऊल आत 'पडलं' म्हणजे काय? फिबाच्या नियमांत खेळाडू कुठे आहे हे तो जमिनीला कुठे टेकला आहे यावरून ठरतं. पाय रेषेवरून पुढे आला, पण अजून हवेत आहे, तर तो अजून आत नाही. अमेरिकन शाळांच्या नियमात मात्र रेषेवर एक उभा अदृश्य पडदा मानलेला आहे, पायानं तो पडदा ओलांडला की झाला नियमभंग. आपल्याकडे कबड्डी पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बोनस घेताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि मागचा हवेत आहे की नाही, यावर किती भांडणं होतात! एकच हालचाल, पण एका पुस्तकात ती नियमभंग आहे आणि दुसऱ्यात नाही. आधी व्याख्या, मग डोळे.

समजा, हे सगळं पार पडलं. पंचानं नीट पाहिलं, पाऊल आधी पडलं याची त्याला खात्री आहे. आता तरी शिट्टी वाजेल? नाही, लगेच नाही. आणि इथे विषय खरा सुरू होतो.

फिबाचा नियम असा आहे. फेकणाऱ्यानं स्वतः नियम मोडला, तर चेंडू आत गेला तरी गुण नाही. पण दुसऱ्या कुणी मोडला आणि चेंडू आत गेला, तर गुण धरायचा आणि नियमभंग सोडून द्यायचा. चेंडू चुकला तर मात्र हिशेब होतो. प्रतिस्पर्धी आधी शिरला असेल तर फेकणाऱ्याला पुन्हा संधी. शेवटच्या थ्रोला साथीदार आधी शिरला असेल तर चेंडू समोरच्या संघाला. दोन्हीकडचे शिरले असतील तर उडी-चेंडूची स्थिती, म्हणजे चेंडूच्या ताब्याचा बाण ज्याच्याकडे त्याला चेंडू.

पंचाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. त्यानं नियमभंग पाहिलाय. तो गप्प उभा आहे. एक सेकंद. चेंडू आत गेला, तो तसाच गप्प राहतो आणि खेळ पुढे जातो. चेंडू चुकला, शिट्टी वाजते. पाऊल तेच, क्षण तोच. त्या पावलाचं काय करायचं हे मात्र दुसऱ्या माणसाच्या मनगटावर ठरलं.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी एकाच परिसंवादात 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला. दोन ट्रकचालक सारखेच निष्काळजी आहेत. एकाच्या वाटेत मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. दोघांचा दोष सारखा, तरी पहिल्याकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. यावर तत्त्वज्ञ आजही भांडतात. फिबानं मात्र भांडण न करता लिहूनच टाकलं आहे, की परिणाम झाला नाही तर आम्ही बघितलंच नाही असं समजू.

अमेरिकेत असं नाही. १६ मार्च २०१२, ग्रीन्सबरो, कॉलेज संघांची एनसीएए स्पर्धा. नोट्र डेम विरुद्ध झेव्हियर. २.८ सेकंद उरलेत, नोट्र डेम ६३-६५ असा मागे. त्यांचा एरिक ॲटकिन्स रेषेवर उभा राहिला आणि त्यानं थ्रो आत टाकला. त्याच वेळी त्याचा साथीदार जेरियन ग्रँट चेंडू रिंगला लागण्याआधीच बाहेरच्या रेषेवरून आत आला होता. शिट्टी. गुण रद्द, चेंडू झेव्हियरला. सामना ६७-६३ असा संपला, आणि हरला की घरी, अशी ती स्पर्धा, म्हणून नोट्र डेमचा मोसमही तिथेच संपला.

आता विचार करा. चेंडू आत गेला होता. ग्रँटच्या पावलामुळे काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. फिबाच्या नियमाखाली तो गुण धरला गेला असता. मग अमेरिकन नियम चुकीचा? मी घाईनं तसं म्हणणार नाही. त्या नियमामागचं म्हणणं असं मांडता येतं. ग्रँट निघाला तेव्हा चेंडू आत जाणार की नाही हे त्याला माहीत नव्हतं. चेंडू चुकला तर फायदा व्हावा म्हणूनच तो निघाला. कृतीचा न्याय करायचा तर ती केली त्या क्षणी करा, नंतरच्या नशिबावर नको. हे म्हणणं कांटच्या अनुयायांना पटेल.

पण हेच अमेरिकन पुस्तक प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत असं वागत नाही. प्रतिस्पर्धी आधी शिरला आणि चेंडू आत गेला, तर तिथेही गुण धरतात. का? उलट केलं तर काय होईल ते बघा. प्रतिस्पर्धी शिरला म्हणून गुण रद्द करून थ्रो पुन्हा घ्यायला लावला, तर चांगला नेमबाज रेषेवर आला की समोरचा प्रत्येक वेळी मुद्दाम आत शिरेल! कायद्याच्या विद्यार्थ्यांना १८८९ चा न्यूयॉर्कचा रिग्ज विरुद्ध पामर खटला आठवेल. नातवानं आजोबांना विष घातलं, कारण मृत्युपत्रात वारसा त्याच्या नावे होता. कोर्टानं सांगितलं, स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणाला घेऊ देणार नाही. रोनाल्ड ड्वॉर्किननं हा खटला पुढे फार गाजवला. फ्री थ्रोच्या कडेला तेच तत्त्व उभं आहे. तेव्हा 'कृतीचा न्याय कृतीच्या क्षणी' हे अमेरिकन पुस्तकही पूर्णपणे पाळू शकत नाही. मला फिबाची मांडणी जास्त सुसंगत वाटते. साथीदार असो की प्रतिस्पर्धी, फेकणाऱ्यानं स्वतः कमावलेला गुण दुसऱ्याच्या पायानं जायला नको.

आता प्रेक्षकांच्या बाकावर या. पाऊल आधी पडलं आणि शिट्टी वाजली नाही. वरून सगळी मौनं सारखीच ऐकू येतात, पण ती सारखी नसतात. पंचाला खात्री नव्हती म्हणून तो गप्प राहिला असेल. किंवा खात्री होती, पण चेंडू आत गेला आणि नियमानंच 'सोडून दे' म्हटलं, म्हणून गप्प राहिला असेल. या दोन्हींबद्दल मला तक्रार नाही. संशय आणि निर्णय यांत न्यायशास्त्रानं फरक केला तो उगीच नाही. संशय असताना निर्णय द्यायचा नाही, आणि या खेळात निर्णय न देणं म्हणजे खेळ चालू ठेवणं.

पण आणखी एक मौन असतं. खात्री आहे, चेंडू चुकलाय, नियमाप्रमाणे शिट्टी हवी, पण "जाऊ दे हो, इतकंसं पाऊल, त्यानं काय फरक पडला?" असं म्हणून पंच गप्प राहतो. हे मौन मला पटत नाही. त्याची बाजू घेणारे शहाणे लोक आहेत, आणि ते म्हणतात, धक्काबुक्कीच्या बाबतीत पंच हेच करतात ना? थोडा स्पर्श झाला, पण कुणाचं नुकसान झालं नाही, तर फाउल देत नाहीत. खरं आहे. पण स्पर्शाचा परिणाम काय झाला, हा फाउल ठरवण्याचाच एक भाग आहे. रेषेच्या बाबतीत तसं नाही. इथे फायद्यातोट्याचा हिशेब नियम लिहिणाऱ्यांनी आधीच करून ठेवलाय. गेला तर सोडा, चुकला तर धरा. त्यावर पंचानं स्वतःचा आणखी एक हिशेब चढवला तर एकाच मालावर दोनदा जकात बसते. आणि त्याचा भुर्दंड कुणाला? नियम पाळून हात सुटेपर्यंत थांबलेल्या खेळाडूला. तो एका पावलानं मागे राहिला, आणि थांबला हा त्याचा मूर्खपणा ठरला.

हार्ट यांनी १९६१ च्या आपल्या कायदेविषयक पुस्तकात एक फरक दाखवला आहे. पंचाचा निर्णय अंतिम असतो ही एक गोष्ट, आणि पंच म्हणेल तोच नियम ही दुसरी गोष्ट. दुसरीत खेळच बदलतो. चाळीस मिनिटांतली पहिली अडतीस मिनिटं रेषा सैल ठेवायची आणि शेवटच्या दोन मिनिटांत अचानक ताणायची, असं झालं तर खेळाडूंनी नक्की कोणती रेषा शिकायची?

यावर व्यवहारी उत्तर असं की इतक्या शिट्ट्या वाजवल्या तर सामना संपायचाच नाही. मला तसं वाटत नाही. अनुभवी पंच चेंडू हाती देण्याआधी कडेच्यांना दोन शब्द सांगतात, "हात सुटेपर्यंत थांबा." सुरुवातीला एकदोनदा शिट्टी वाजली की पाय आपोआप जागेवर राहतात. पाय फार लवकर शिकतात, डोक्यापेक्षा लवकर.

एवढं बोलून मी थांबतो. दोन प्रश्न आलेत ते घेऊ.

पहिला प्रश्न: कॅमेरा लावला की हे सगळं संपेल ना? अर्धं संपेल. आधी हात की आधी पाऊल, हे कॅमेरा माझ्यापेक्षा आणि किनेब्रुकपेक्षाही चांगलं सांगेल. योग्य कोनात लावलेला असेल तर, ही योग्यानुपलब्धीची अट कॅमेऱ्यालाही लागू आहे. पण चेंडू आत गेल्यावर त्या पावलाचं काय करायचं, हे कॅमेरा सांगणार नाही. नोट्र डेमच्या सामन्यात पाऊल पडलं की नाही हा प्रश्नच नव्हता.

दुसरा प्रश्न चांगला आहे. फेकणाऱ्यानंच हुलकावणी दिली, चेंडू टाकल्यासारखं केलं आणि टाकला नाही, त्यामुळे समोरचे फसून आत शिरले, तर? फिबाच्या नियमात अशी हुलकावणी हा फेकणाऱ्याचा नियमभंग आहे. आणि फेकणाऱ्यानं नियम मोडला की बाकीच्यांचे नियमभंग, ते त्याच्या आधी झालेले असोत, त्याच वेळी असोत की नंतर, जमेस धरत नाहीत. पुढे आणखी थ्रो बाकी नसेल तर चेंडू समोरच्या संघाला जातो. लक्षात घ्या, कोण कुणामुळे फसला याची चौकशी पंच करत नाही. पाणिनीनं जसं दोन नियमांची टक्कर झाली तर कोणता वरचढ हे आधीच सांगून ठेवलं, तसं इथेही क्रम ठरलेला आहे. फेकणाऱ्याचा दोष वरचढ. त्यामुळे फसून आत शिरलेल्याला काही होत नाही, आणि जो फसला नव्हता, आपल्या हुशारीनं आधीच शिरला होता, तोही सुटतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हा दुसरा सुटतो ते मलाही खुपतं. पण प्रत्येक वेळी कारण शोधत बसायचं तर पंचाला फेकणाऱ्याचे हात, पाचजणांचे पाय आणि त्या पाचजणांची मनं, सगळं एका सेकंदात वाचावं लागेल.